एसजीपीटी वाढले, पुढे काय?

(एका आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या वीस-पंचवीस वर्षांत मध्यमवर्गीय घरांत एक नवा कागद येऊ लागला आहे. तो म्हणजे संपूर्ण शरीर-तपासणीचा अहवाल. विम्याची पॉलिसी, नोकरीतील वार्षिक तपासणी किंवा मुलांनी आईवडिलांना हौसेने भेट दिलेले तपासणीचे पॅकेज अशा कोणत्याही निमित्ताने तो घरात येतो. आठ-दहा पाने चाळताना नजर ठळक छापलेल्या एखाद्या आकड्यावर थांबते. साखर योग्य, हिमोग्लोबिन उत्तम, मूत्रपिंडाचे कार्य व्यवस्थित. मात्र ‘एसजीपीटी ६४’. शेजारी बाण वर गेलेला. प्रकृती ठणठणीत, भूक चांगली, कावीळ कधी झालेली नाही, दारूला आयुष्यात स्पर्श नाही. मग यकृताला झाले तरी काय?

अशा वेळी घराघरांतून तीन प्रतिक्रिया उमटतात. पहिली भीतीची. जलोदर, सिरॉसिस, कर्करोग असे सारे शब्द एकाच रात्री आठवतात. दुसरी उपेक्षेची. ‘काही होत नाही ना, मग कशाला उकरून काढायचे?’ असे म्हणून कागद कपाटात जातो. तिसरी संशयाची, आणि ती सर्वांत क्लेशकारक. यकृत म्हटले की दारू, हे समीकरण समाजमनात इतके घट्ट बसले आहे की, निर्व्यसनी माणसाकडेही नातेवाईक निराळ्या नजरेने पाहू लागतात. त्या नजरेच्या धास्तीने अनेक जण तो अहवाल डॉक्टरांनाही दाखवीत नाहीत.

या तिन्ही प्रतिक्रिया अनाठायी आहेत. वाढलेला आकडा हे निदान नव्हे. तो यकृताने विचारलेला प्रश्न आहे. प्रश्नाला घाबरून उत्तर मिळत नाही आणि तो दडपूनही मिळत नाही. त्याचा क्रमाने शोध घ्यावा लागतो. बहुतांश वेळा उत्तर सापडते, आणि वेळीच सापडले तर उपायही हाती असतो.

आकड्याचा अर्थ

मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो वजनाचे असते. आयुर्वेदाने यकृत व प्लीहा यांना रक्तवह स्रोतसांचे मूळ मानले आहे. आधुनिक शास्त्रानुसार अन्नरसाचे रूपांतर, साखरेचा साठा, पित्ताची निर्मिती, रक्त गोठविणारी प्रथिने तयार करणे आणि औषधांचा निचरा ही कामे यकृत अहोरात्र करते. या कामांसाठी त्याच्या पेशींत असंख्य विकरे, म्हणजे एन्झाइम, असतात. एसजीपीटी आणि एसजीओटी ही त्यांपैकी दोन. आजच्या अहवालांत त्यांनाच अनुक्रमे एएलटी व एएसटी असे म्हणतात. पेशीला इजा झाली की ही विकरे पाझरून रक्तात येतात. भांड्याला चीर गेली की पाणी बाहेर झिरपावे, तसेच हे आहे.

या चाचणीचा जन्म यकृतासाठी झालाच नव्हता. १९५४ साली न्यूयॉर्कमधील ला ड्यू, रोब्लेव्स्की आणि कार्मेन या संशोधकांनी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रक्तातील एसजीओटी वाढते, असे दाखवून दिले. त्यानंतर लवकरच यकृताच्या विकारांतही हा आकडा चढतो आणि एसजीपीटी तर अधिक करून यकृताचीच साक्ष देते, हे ध्यानी आले. एसजीओटी मात्र हृदय, स्नायू, मूत्रपिंड आणि तांबड्या रक्तपेशी या सर्वांत असते. म्हणून एकट्या एसजीओटीवरून यकृताला दोष देणे घाईचे ठरते.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘लिव्हर फंक्शन टेस्ट’ हे नावच फसवे आहे. एसजीपीटी यकृताचे कार्य मोजत नाही, इजा मोजते. कार्य कसे चालले आहे, ते अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याचा काळ यांवरून कळते. म्हणून अहवालात एकच ठळक आकडा न पाहता या सर्वांकडे एकत्रित पाहावे लागते.

तिसरी गोष्ट मर्यादेची. बहुतेक प्रयोगशाळा ४० किंवा त्याहून काहीशी अधिक अशी वरची मर्यादा छापतात. या मर्यादा ‘निरोगी’ समजल्या गेलेल्या लोकांच्या तपासणीवरून ठरल्या, परंतु त्यांतील अनेकांच्या यकृतात नकळत चरबी साठलेली होती. २००२ साली इटलीतील संशोधकांनी रक्तदात्यांतून असे धोके नसलेले लोक वेगळे काढले, तेव्हा वरची मर्यादा पुरुषांत ३० आणि स्त्रियांत १९ इतकी खाली आली. २०१७ साली अमेरिकेतील पचनसंस्था-तज्ज्ञांच्या संघटनेने पुरुषांसाठी २९ ते ३३ आणि स्त्रियांसाठी १९ ते २५ हीच निरोगी मर्यादा मानली. याचा अर्थ ३८ हा आकडा पाहून निर्धास्त व्हावे असे नाही, आणि ६४ पाहून हातपाय गाळावेत असेही नाही.

पहिले पाऊल : पुन्हा तपासणी

शोधाचा आरंभ साध्या गोष्टीने होतो. आकडा थोडासाच वाढलेला असेल आणि प्रकृती उत्तम असेल, तर काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करावी. अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या चाचणीत यकृताचे आकडे वाढलेल्यांपैकी तीस टक्क्यांहून अधिक लोकांचे आकडे दुसऱ्या वेळी सामान्य निघाले. साधा विषाणूजन्य ताप, चार दिवसांची औषधे आणि अनपेक्षित श्रम यांपैकी काहीही कारणीभूत असू शकते.

श्रमाचा मुद्दा विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १५ निरोगी तरुणांना, ज्यांना वजने उचलण्याची सवय नव्हती, तासभर वजनांचा व्यायाम देऊन त्यांचे रक्त तपासले गेले. त्यांची दोन्ही विकरे निदान सात दिवस वाढलेलीच होती. वर्षभर व्यायाम न करणाऱ्या गृहस्थाने रथसप्तमीच्या उत्साहात एकदम १०८ सूर्यनमस्कार घातले आणि दोन दिवसांनी रक्त दिले, तर तो आकडा यकृताचा नसून मांडीच्या नि खांद्याच्या स्नायूंचा असण्याची शक्यता असते. ‘सीपीके’ ही स्नायूंची चाचणी सोबत केली की उलगडा होतो. पुनर्तपासणीपूर्वी आठवडाभर कठोर व्यायाम आणि मद्य टाळावे.

मात्र ही सबुरी सर्वांसाठी नाही. डोळे पिवळे दिसणे, गडद लघवी, सतत उलट्या, पोटात पाणी, पायांवर सूज, रक्ताची उलटी, काळी शौचास होणे, वागण्या-बोलण्यात भ्रम किंवा मर्यादेच्या दहा पटींहून अधिक वाढलेला आकडा यांपैकी काहीही असेल, तर एक दिवसही न थांबता रुग्णालय गाठावे. काविळीची माळ गळ्यात घालून किंवा कावीळ ‘उतरवून’ घेण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही.

औषधांच्या कपाटात डोकावू या

आकडा दुसऱ्यांदाही वाढलेला असेल, तर पहिला प्रश्न असा, की पोटात काय काय जाते? ॲलोपॅथीच्या गोळ्यांपुरता हा प्रश्न नाही. क्षयाची औषधे, अपस्माराच्या काही गोळ्या, मेथोट्रेक्सेट, काही प्रतिजैविके यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो. ताप-अंगदुखीवरचे साधे पॅरासिटामॉलही त्यातलेच. पूर्ण मात्रेत, म्हणजे दिवसाला ४ ग्रॅम, सलग काही दिवस घेतल्यास निरोगी माणसांतही एसजीपीटी तिपटीहून वाढू शकते, असे २००६ च्या एका प्रयोगात तिघांपैकी सुमारे एकाच्या बाबतीत आढळले. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांचे मात्र नाव नाहक बदनाम होते. वाढ मर्यादेच्या तिपटीच्या आत असेल, तर त्या सहसा थांबवाव्या लागत नाहीत. हृदयरुग्णाने त्या परस्पर बंद केल्यास नसता अनर्थ ओढवू शकतो.

आता थोडा नाजूक विषय. आपल्या घरांत वनौषधींविषयी आदर आहे, आणि तो रास्त आहे. पण आदरापोटी ‘नैसर्गिक ते निरुपद्रवी’ असा जो समज रुजला, त्याला आयुर्वेदाचाही आधार नाही. योग्य युक्तीने दिलेले विषही औषध होते आणि अयोग्य रीतीने घेतलेले औषधही विष होते, हा विचार चरकसंहितेतच आला आहे. करोनाच्या काळात घरोघर गुळवेलीचे काढे सुरू झाले. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत मुंबईतील डॉक्टरांना गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांत यकृताला इजा झाल्याचे आढळले. ते निरीक्षण २०२१ साली प्रसिद्ध झाले. २०२२ साली देशातील अनेक केंद्रांनी मिळून अशाच ४३ रुग्णांची नोंद मांडली. आयुष मंत्रालयाने मुंबईच्या अहवालावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची नेमकी ओळख पटवलेली नाही आणि गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी गल्लत होऊ शकते, असे त्याचे म्हणणे होते.

या वादात कोणाचा पक्ष बलवत्तर, याचा निवाडा सामान्य माणसाने करण्याचे कारण नाही. दोन्ही पक्षांतून त्याच्यासाठी बोध एकच निघतो. ज्याचे एसजीपीटी वाढलेले आहे, त्याने काढे, चूर्ण, अश्वगंधेच्या गोळ्या, वजन घटवणारी अर्कयुक्त पेये, व्यायामशाळेतून मिळालेल्या पावडरी, यांपैकी जे जे चालू आहे त्याची यादी वैद्य आणि डॉक्टर दोघांसमोर ठेवावी आणि त्यांच्या सल्ल्याने ते थांबवून चाचणी पुन्हा करावी. अमेरिकेत २०२२ साली हळदीच्या गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या १० रुग्णांचा अहवाल आला. त्यांतील काही गोळ्यांत शोषण वाढविण्यासाठी मिऱ्याचा अर्क मिसळलेला होता. तो अहवाल आमटीतील चिमूटभर हळदीविषयी नव्हता. अर्क काढून, मात्रा वाढवून, महिनोन् महिने घेतलेला पदार्थ हा अन्न राहत नाही, तो औषध होतो, आणि औषधाला देखरेख लागते.

मुक्कामाला आलेले विषाणू

पुढचा प्रश्न ब आणि क प्रकारच्या काविळीचा. हे विषाणू वर्षानुवर्षे शरीरात राहतात. माणूस धडधाकट दिसतो आणि एखाद्या रक्तदान शिबिरानंतर किंवा शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत अकस्मात त्यांचा पत्ता लागतो. बारुख ब्लमबर्ग यांनी ब विषाणूचा माग १९६० च्या दशकात काढला. त्यांना १९७६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै हाच आज जागतिक हेपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो. क विषाणू १९८९ साली ओळखला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली भारतात ब प्रकाराचे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि क प्रकाराचे सुमारे ५५ लाख बाधित होते.

म्हणून विकरे वाढलेल्या प्रत्येकाने या दोन चाचण्या कराव्यात. क प्रकार आज बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी १०० पैकी ९५ हून अधिक रुग्णांत बरा होतो. ब प्रकार बहुधा समूळ जात नाही, पण आवश्यक तेथे औषधाने तो काबूत राहतो. भारतात २८ जुलै २०१८ रोजी राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि त्याअंतर्गत निदान व उपचार मोफत मिळतात. घरात एकाला ब प्रकार आढळल्यास इतरांनी तपासणी करावी आणि लस घ्यावी. सोबत जेवल्याने, एका ताटवाटीने, हात हातात घेतल्याने हा आजार पसरत नाही. तो रक्तातून, शरीरसंबंधातून आणि प्रसूतीच्या वेळी आईकडून बाळाला होतो. बाधिताची पंगत वेगळी मांडणे हे आरोग्यशास्त्राला धरून नाही आणि माणुसकीलाही धरून नाही.

सडपातळ देह, मेदाने भरलेले यकृत

विषाणू नाहीत, औषधे नाहीत, मद्य नाही. तरीही आकडा वाढलेलाच आहे. अशा निरोगी दिसणाऱ्या माणसांत सर्वाधिक वेळा सापडणारे कारण म्हणजे यकृतात साठलेला मेद. १९८० साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी २० रुग्णांचे वर्णन केले. त्यांची यकृते मद्यपींसारखी दिसत होती, पण त्यांच्या बाबतीत मद्याचे कारण नव्हते. त्या अवस्थेला जे नाव मिळाले, त्यात ‘मद्याविना’ हा शब्द होता. २०२३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी ते नाव बदलले आणि आजाराचा संबंध चयापचयाच्या बिघाडाशी जोडला. मद्याच्या संशयाने होणारी मानहानी टाळणे, हाही त्यामागील एक विचार होता.

‘पण आमचे वजन तर जास्त नाही,’ हा मराठी घरांतील नेहमीचा आक्षेप. त्याचे उत्तर पुण्यातच सापडते. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःची तुलना मांडली. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन अगदी सारखे, म्हणजे बीएमआय २२.३. मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! बाहेरून कृश आणि आतून मेदयुक्त, ही भारतीय देहाची ठेवण आहे. बंगालमधील बीरभूम जिल्ह्यातील ग्रामीण, कष्टकरी लोकांची १,९११ जणांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तेथे ८.७ टक्के लोकांत मेदयुक्त यकृत आढळले आणि त्यांतील तीन चतुर्थांश लोकांचा बीएमआय २५ च्या आत होता.

म्हणूनच काट्यापेक्षा मोजपट्टी अधिक खरे बोलते. भारतीय पुरुषात ९० सेंटिमीटर आणि स्त्रीत ८० सेंटिमीटरहून अधिक पोटाचा घेर ही सूचना समजावी. सोबत साखर, ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब तपासावा. मेदयुक्त यकृत बहुधा एकटे येत नाही. मधुमेह आणि हृदयविकार यांची पावले त्याच्या मागोमाग असतात, आणि अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमुख कारण यकृत नसून हृदय असते.

विरळ, परंतु विसरू नयेत अशी कारणे

येथवर उत्तर न मिळाल्यास शोध पुढे जातो. थायरॉइडची चाचणी करावी लागते. गव्हातील ग्लुटेन न सोसणाऱ्या सिलिॲक आजारात कधी कधी पोटाची तक्रार नसते, केवळ विकरे वाढलेली असतात, आणि गहू वर्ज्य केल्यावर ती बहुधा पूर्ववत होतात. शरीराची संरक्षक यंत्रणाच यकृतावर उलटते, त्या विकारात प्रतिपिंडांच्या चाचण्या लागतात. तरुण वयात विल्सन यांनी १९१२ साली वर्णिलेला तांबे साठण्याचा आनुवंशिक आजार आठवावा लागतो. त्यावर औषध आहे आणि निदान हुकले तर यकृत व मेंदू दोन्ही धोक्यात येतात. भावंडांची तपासणीही त्यात अगत्याची. याउलट एसजीओटी एकटेच वर्षानुवर्षे वाढलेले आणि बाकी सर्व सामान्य, अशा काहींत ते विकर प्रतिपिंडाला चिकटून रक्तात रेंगाळत असते. ती अवस्था सहसा निरुपद्रवी असते.

आकडा लहान, धोका केवढा?

विकरांचा आकडा आणि यकृताची हानी यांचे प्रमाण नेहमी जुळत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. सिरॉसिस झालेल्या यकृतातही एसजीपीटी सामान्य असू शकते. खरा प्रश्न असतो तो यकृतात व्रणाच्या तंतूंचे जाळे किती विणले गेले आहे हा. त्यासाठी ‘फिब-४’ नावाचे एक सोपे गणित आहे. वयाला एसजीओटीने गुणावे. मग प्लेटलेटच्या हजारांतील संख्येला एसजीपीटीच्या वर्गमूळाने गुणावे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे.

उदाहरण घेऊ. वय ५०, एसजीओटी ४५, एसजीपीटी ६४, प्लेटलेट अडीच लाख. उत्तर येते १.१. ते १.३ च्या आत असल्याने गंभीर तंतुमयतेची शक्यता कमी. आता बाकी सर्व तेच ठेवून प्लेटलेट एक लाख धरल्या, तर उत्तर २.८ येते. २.६७ च्या वर गेल्यामुळे ही व्यक्ती विनाविलंब यकृततज्ज्ञाकडे जायला हवी. एसजीपीटी दोघांचे एकच, वाट मात्र निराळी! मधल्या उत्तरांसाठी यकृताचा कठीणपणा मोजणारी फायब्रोस्कॅनसारखी वेदनारहित तपासणी असते. पस्तिशीच्या आत आणि पासष्टीनंतर हे गणित कमी विश्वसनीय ठरते, म्हणून त्याचा अर्थ डॉक्टरांकडूनच समजून घ्यावा.

काहींत साऱ्या चाचण्या होऊनही कारण हाती लागत नाही. अशा वेळी यकृताचा तुकडा काढून तपासायचा की देखरेखीत थांबायचे, हा निर्णय विकरांची वाढ किती, किती काळ आणि तंतुमयतेचा संशय किती यांवरून होतो. ‘कारण सापडले नाही’ याचा अर्थ ‘विसरून जा’ असा होत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा रक्त देणे, हाही उपचाराचाच भाग आहे.

उपाय आपल्या हाती

मेदयुक्त यकृतावर सर्वांत परिणामकारक इलाज घरातच आहे. क्युबातील २९३ रुग्णांना वर्षभर आहार-व्यायामाच्या शिस्तीत ठेवून त्यांच्या यकृताची तपासणी झाली. २०१५ साली आलेल्या निष्कर्षांनुसार ज्यांनी दहा टक्के किंवा त्याहून अधिक वजन घटवले, त्यांपैकी ९० टक्के लोकांच्या यकृताची दाहक अवस्था निवळली आणि ४५ टक्के लोकांत व्रणही मागे हटले. ७५ किलोच्या माणसाला साडेसात किलो. म्हणजे वर्षभरात महिन्याला सहाशे-सातशे ग्रॅम. हे अशक्य नाही.

त्यासाठी परदेशी पदार्थ लागत नाहीत. जास्तीची साखर यकृत चरबीत बदलते, म्हणून चहातील साखर, शीतपेये, मैदा, फरसाण आणि सणासुदीनंतरही महिनाभर चालणारे डबे आवरावेत. ताटात भात-पोळी कमी, उसळ, भाजी, कोशिंबीर, ताक अधिक असावे. आठवड्यातून निदान दीडशे मिनिटे घाम येईल अशी चाल हवी. मद्य पूर्ण वर्ज्य करावे. सडपातळ व्यक्तीनेही पोटाचा घेर आणि स्नायूंचे बळ यांकडे लक्ष द्यावे. घरातील एकानेच पथ्य पाळायचे आणि इतरांनी समोर भजी तळायची, असे चालत नाही. पथ्य कुटुंबाचे असते, तेव्हाच ते टिकते.

तेव्हा असा अहवाल हाती आला, तर मागील सर्व अहवाल, चालू असलेल्या औषधांची आणि काढ्यांची यादी, पोटाचा घेर आणि घरातील यकृत-मधुमेहाचा इतिहास, एवढे एका कागदावर लिहून डॉक्टरांना भेटावे. मद्य घेत असाल तर किती ते खरे सांगावे. घेत नसाल तर तेही निःसंकोच सांगावे. आणि आप्तांपैकी कुणाचे यकृत-विकर वाढल्याचे कानी आले, तर ‘काय हो, घेता की काय?’ असे विचारण्याऐवजी ‘पुढची तपासणी केव्हा आहे, सोबत येऊ का?’ असे विचारावे.